पाऊस मोजून पीक ठरवणारे गाव : हिवरे बाजारच्या पायाखालचे पाणी

हिवरे बाजारबद्दल मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. पोपटराव पवारांनी सरपंच म्हणून केलेले काम, श्रमदान, दारूबंदी, शहरातून गावाकडे परतलेली कुटुंबे हे सगळे बहुतेकांना ठाऊक असते. त्या मानाने गावाखालच्या खडकाबद्दल फारच कमी बोलले जाते. माझ्या मते या गावाने घेतलेले सर्वांत महत्त्वाचे निर्णय माणसांइतकेच त्या खडकामुळेही योग्य ठरले. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, आणि पाऊस संपल्यावर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडूनच रब्बीचे पीक ठरवायचे, हे तीन नियम नैतिक शिस्त म्हणून सांगितले जातात. भूजलाच्या बाजूने पाहिले तर त्यांत नैतिकतेइतकेच गणित आहे. हे प्रकरण त्या गणिताचे आहे.

गाव नगर (आताचे अहिल्यानगर) तालुक्यात, नगर शहराच्या पश्चिमेला १७ किलोमीटरच्या आसपास. शिवार सुमारे ९७६ हेक्टर. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेचा प्रदेश असल्यामुळे वर्षाचा पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरच्या आगेमागे, तोही लहरी. १९७२ च्या दुष्काळानंतर गावाची घडी विस्कटत गेली. डोंगर उघडे पडले, विहिरी हिवाळा संपता संपता तळ दाखवू लागल्या, आणि हाताला काम नसलेले लोक पुण्या-मुंबईकडे निघाले. १९८९ साली पवार सरपंच झाले. पुढे १९९४ मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आले, डोंगरउतारांवर समतल चर खोदले गेले, ओढ्या-नाल्यांवर बांध झाले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी लागू झाली. गावात १९९० च्या दशकात शंभराच्या आत असलेली विहिरींची संख्या पुढे दोनशेच्या पलीकडे गेली.

शेवटच्या वाक्यापाशी थोडे थांबायला हवे. विहिरी दुपटीने वाढल्या आणि तरीही पाणी टिकले. अन्य कितीतरी गावांत विहिरी वाढल्या त्या वर्षांपासूनच पाण्याची घसरण सुरू झाली. मग इथे वेगळे काय घडले?

खडकात पाणी नेमके कुठे असते

जमिनीखाली नद्या वाहतात, पाण्याचे तलाव असतात, ही समजूत अजून पुष्कळांच्या मनात घट्ट आहे. पाणाड्याने नारळ फिरवून 'इथे शिर आहे' म्हणावे आणि आपण खर्चाला तयार व्हावे, यामागेही हेच चित्र असते. महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भाग ज्यावर उभा आहे त्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, असे काही नसते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि थंड झाले. प्रत्येक थराचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र झाला. विहीर खोदणारे त्यालाच मांजऱ्या म्हणतात. त्याच थराचा खालचा भाग घट्ट, काळा, सुरुंगालाही न जुमानणारा. दोन थरांच्या मधे कुठे कुठे लाल गेरूचा पातळ पट्टा सापडतो. तो चिकणमातीसारखा असतो आणि पाण्याला सहज वाट देत नाही. सगळ्यांत वर माती, आणि मातीखाली झिजून सैल झालेला मुरूम.

पाणी राहते ते मुरुमात, मांजऱ्यात आणि कठीण पाषाणाला पडलेल्या भेगांत. चुना न वापरता रचलेल्या दगडी गडग्यात दगडांच्या मधे जितकी मोकळी जागा असते त्याहूनही ती कमी असते. मोकळ्या जागेतलेही सगळे पाणी विहिरीत उतरत नाही, काही खडकाला चिकटूनच राहते. जे मोकळेपणाने बाहेर येते त्याचे प्रमाण बेसाल्टच्या झिजलेल्या किंवा सच्छिद्र भागात १ ते ३ टक्के, सर्वसाधारणपणे २ टक्के धरतात. भूजलाचा अंदाज बांधताना देशभर हाच आकडा वापरला जातो. नदीच्या वाळूमिश्रित गाळात हेच प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास असते.

२ टक्के म्हणजे काय ते एका हेक्टरवर मांडून पाहू. पाण्याने भरलेला मुरूम आणि मांजऱ्या मिळून १० मीटर जाड आहे असे समजा. त्यातून निघू शकणारे पाणी हेक्टरी २,००० घनमीटर, म्हणजे २० लाख लिटर. आकडा मोठा वाटतो. पण एक हेक्टर उसाला वर्षाला २०,००० घनमीटरच्या घरात पाणी लागते. म्हणजे एक हेक्टर ऊस जगवायला दहा हेक्टरखालचा सगळा साठा, अगदी तळापर्यंत, उपसावा लागेल. बेसाल्टच्या प्रदेशात, ४०० मिलिमीटर पावसात, कालव्याच्या पाण्याशिवाय ऊस घेणे म्हणजे शेजाऱ्यांच्या जमिनीखालचे पाणी स्वतःच्या शेतात ओढणे. हे मी आरोप म्हणून लिहीत नाही. आकडेच तसे बोलतात.

त्याच २ टक्क्यांचा दुसरा परिणाम प्रत्येक शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिलेला असतो. समजा वर्षाच्या पावसातले ४० मिलिमीटर पाणी जमिनीखाली उतरले. गाळाच्या जमिनीत त्याने भूजलाची पातळी २५ सेंटिमीटरने वाढेल. बेसाल्टमध्ये तीच पातळी २ मीटरने वाढते. म्हणूनच आपल्याकडे एका चांगल्या पावसात विहीर झपाट्याने वर येते, आणि शेतकऱ्याला वाटते की पाणी भरपूर झाले. पण तेवढ्याच ४० मिलिमीटरचा उपसा पातळीला पुन्हा २ मीटर खाली नेतो. सप्टेंबरात काठोकाठ दिसणारी विहीर मार्चमध्ये कोरडी पडते त्यामागे कुणाची चोरी नसते, शापही नसतो. भांडेच लहान असल्यामुळे ते लवकर भरते आणि लवकर रिकामे होते.

पाणी कुठून निघते आणि कुठे जाते

हिवरे बाजार डोंगरांनी वेढलेले आहे. उतारावर माती पातळ, मुरूम उघडा, आणि लाव्हाच्या थरांच्या कडा ठिकठिकाणी बाहेर आलेल्या. खालच्या सपाट भागात काळी माती. काळी माती भिजली की तिच्या भेगा मिटतात आणि ती पाणी फार सावकाश खाली सोडते. त्यामुळे जमिनीखाली पाणी भरण्याच्या दृष्टीने डोंगराचा उतार सपाट शेतापेक्षा जास्त मोलाचा. पण उघड्या उतारावर पाऊस थांबतच नाही, काही मिनिटांत ओढ्याला मिळतो आणि सोबत मातीही घेऊन जातो.

समतल चर हे काम करतात. एकाच उंचीच्या रेषेवर खोदलेला चर वाहते पाणी अडवून मुरुमावर उभे करतो, त्याला उतरायला काही तास, काही दिवस मिळतात. वर गवत आणि झाडे आली की मुळांच्या वाटांनी पाणी आणखी सहज मुरते. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी यांचा भूजलाशी असा थेट संबंध आहे. गवत वाढले म्हणून दूध वाढले ही गोष्ट सगळे सांगतात. त्याच गवताने डोंगराची जिरवण्याची ताकद वाढवली, हे मागे पडते.

जमिनीत उतरलेले पाणी एका जागी बसून राहत नाही. ते मुरुमातून खाली जाते, कठीण पाषाण लागला की त्याच्या अंगावरून उताराच्या दिशेने सरकू लागते. ही चाल फार मंद असते, भेगा मोकळ्या असतील तिथे थोडी वेगवान, गेरू किंवा घट्ट खडक असेल तिथे जवळजवळ ठप्प. जिथे असा थर डोंगराच्या कडेला उघडा पडतो तिथे झरा फुटतो. तसे झाले नाही तर ते पाणी खालच्या शेतांतल्या विहिरींना उपळ म्हणून, म्हणजे खडकातून आत झिरपणारे पाणी म्हणून, भेटते. डोंगरावर ऑगस्टात मुरलेले पाणी पायथ्याच्या विहिरीला हिवाळ्यात आधार देते. एकाच्या बांधावरचा पाऊस दुसऱ्याच्या विहिरीत निघतो, आणि म्हणून डोंगर सांभाळायचे काम एकट्या डोंगरालगतच्या शेतकऱ्याचे राहत नाही.

आता एक गोष्ट, जी जलसंधारणाच्या उत्साहात हमखास विसरली जाते. हे पाणी गावात साठून राहत नाही. ते सरकत सरकत ओढ्यात उतरते आणि शिवाराबाहेर पडते. पावसाळ्यानंतर ओढ्याला जो झिरपा असतो तो हाच. म्हणजे यंदा न वापरलेले पाणी पुढच्या दोन-तीन वर्षांसाठी जमिनीत तसेच्या तसे शिल्लक राहील, ही आशा बेसाल्टमध्ये फारशी धरता येत नाही. साठा लहान, आणि त्याला खालच्या बाजूने गळती. हिवरे बाजारचा ताळेबंद दरवर्षी नव्याने का मांडावा लागतो याचे उत्तर इथे आहे. पंचवार्षिक नियोजनाला या खडकात आधारच नाही. यंदा किती पडला, किती उतरला, त्यावर यंदाच ठरवायचे.

ताळेबंद

गावात पर्जन्यमापक आहे, निरीक्षण विहिरींमधल्या पाण्याची पातळी मोजली जाते, आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या मदतीने पाण्याचा अंदाज काढला जातो. पाऊस संपल्यावर तो ग्रामसभेत मांडतात. आधी पिण्याचे, मग जनावरांचे, मग शेतीचे, असा क्रम. उरलेल्या पाण्यात कोणते पीक किती घ्यायचे हे त्यावरून ठरते. पाऊस कमी झाला असेल तर गव्हासारखी पिके मागे पडतात आणि कमी पाण्याची पिके पुढे येतात.

हे गणित कसे बसते ते मी माझ्या ढोबळ आकड्यांनी करून पाहिले. हा गावाचा अधिकृत हिशेब नव्हे, अंदाज बांधण्याची पद्धत आहे. ९७६ हेक्टरवर ४०० मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी होते सुमारे ३९ लाख घनमीटर. त्यातले बहुतेक बाष्प होऊन उडते किंवा पिके, गवत आणि झाडे पितात, काही वाहून जाते. बेसाल्टमध्ये जमिनीखाली उतरणारा वाटा झिजलेल्या खडकात ७ टक्के, तर सच्छिद्र आणि भेगाळ खडकात १३ टक्क्यांपर्यंत धरतात. म्हणजे २.७ लाख ते ५ लाख घनमीटर. चरांमुळे आणि बांधांमुळे यात भर पडते, पण सुरुवात इथून करू.

माणसे साधारण साडेबाराशे धरली आणि दरडोई रोज ५५ लिटर, तर वर्षाला २५,००० घनमीटर लागतात. जनावरांसाठी तेवढेच बाजूला काढले तरी एकूण ५०,०००. उरले २.२ ते ४.५ लाख घनमीटर. यात ऊस बसवायचा तर ११ ते २२ हेक्टर. गहू बसवायचा तर, हेक्टरी ४,००० घनमीटर धरून, ५५ ते ११० हेक्टर. पण ज्वारी किंवा हरभऱ्यासारखे पीक मुख्यतः मातीतल्या ओलीवर घेतले आणि त्याला हेक्टरी ६०० घनमीटरच्या दोन संरक्षित (पीक तगवण्यापुरत्या) पाळ्या दिल्या, तर तेच पाणी १८० ते ३७५ हेक्टरांना पुरते.

बारा-पंधरा घरांचा ऊस, की जवळजवळ प्रत्येक घराचे रब्बी? गावाने ऊस-केळीला नकार दिला त्यामागचा हा सवाल आहे. आणि पिण्याचे पाणी एकूण हिशेबात किती थोडे आहे हेही पाहा. ते वेगळे राखून ठेवायला गावाला शेतीचा मोठा त्याग करावा लागत नाही. तरीही शेकडो गावांना उन्हाळ्यात टँकर लागतो, कारण शेवटचे ५०,००० घनमीटर कुणी राखून ठेवत नाही. ते फेब्रुवारीतच कांद्याला आणि उसाला गेलेले असते. हे मला खरोखर अस्वस्थ करते.

विहीर आणि बोअर

बोअरबंदीवर सर्वांत जास्त वाद होतो. 'माझी जमीन, माझा पैसा, मी खाली किती जायचे ते गाव का ठरवणार?' असा प्रश्न कोणत्याही गावात विचारला जाईल, आणि तो गैर नाही. उत्तर पुन्हा खडकातच आहे.

खोदलेली विहीर वरच्या १०-२० मीटरच्या थरातून पाणी घेते. तिचा घेर मोठा, उपळ मंद. दिवसा उपसली की रात्रभरात ती हळूहळू भरते. जसजशी आसपासची पातळी खाली जाते तसतसा भिजलेला थर पातळ होतो, उपळ कमी होतो, पंप अर्ध्या तासात बंद करावा लागतो. म्हणजे साठा घटू लागला की विहीर आपोआपच उपशाला आवर घालते. शिवाय पाणी डोळ्यांना दिसते. आज किती परस (पुरुषभर खोलीचे माप) उरले ते शेतकऱ्याला सांगायला कुठलाही अहवाल लागत नाही.

बोअर हा आवर काढून टाकतो. दोनशे-तीनशे फूट खाली गेलेला बोअर वरचा मुरूम आणि मांजऱ्या ओलांडून कठीण पाषाणातून एखाद्या खोल भेगेला किंवा खालच्या थराच्या मांजऱ्याला भिडतो. तिथले पाणी दाबाखाली असते, त्यामुळे ते बोअरमध्ये पुष्कळ वर चढते आणि 'पाणी लागले' म्हणून आनंद होतो. पण त्या खोल भेगेत पाणी येते कुठून? पुष्कळदा फार लांबून, फार सावकाश, वरच्या थरातून गळत गळत. वर्षानुवर्षे साठलेले पाणी एक-दोन हंगामांत संपते आणि मग पंप हवा ओढतो. शेतकरी आणखी खोल जातो. बोअरची गाडी पुन्हा येते, नुसता फुफाटा उडतो, पैसे मात्र फुटांवर मोजले जातात.

दुसरे नुकसान कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही. बोअरला केसिंग (आत बसवलेला आधाराचा पाइप) असते ते बहुधा वरच्या सैल भागापुरते. त्याखाली उघडे भोक. ते वरच्या आणि खालच्या थरांना जोडते, कठीण पाषाणाने वेगळे ठेवलेल्या दोन साठ्यांमधली भिंतच फोडते. खालच्या थरातला दाब उपशाने कमी झाला की वरच्या थरातले पाणी त्या भोकातून खाली पडू लागते. काही बोअरच्या तोंडाला कान लावला तर ते पडताना ऐकू येते. म्हणजे ज्याच्या शेतात बोअर नाही त्याच्या विहिरीचे पाणीही शेजाऱ्याच्या बोअरमधून खाली निघून जाते. डोंगरावर चर खोदून वरचा थर भरायचा आणि खाली शंभर बोअर पाडून तोच रिकामा करायचा, ही विसंगती राज्यातल्या अनेक पाणलोट गावांच्या वाट्याला आली. चर झाले, बांध झाले, सत्कार झाले, आणि चार-पाच वर्षांत पुन्हा टँकर सुरू झाला. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर नको असा ठराव केला आणि वरचा थर हाच आपला साठा मानला. दुप्पट विहिरी त्याच थरात उभ्या राहिल्या, त्याच थरातल्या पाण्याने भरत गेल्या आणि त्याच्याच मर्यादेत राहिल्या. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडते.

दुसरीकडे हे चालेल का

सरसकट नाही. हिवरे बाजारचे डोंगर बहुतांशी गावाच्याच शिवारात आहेत. भरण होणारी, म्हणजे पाणी मुरणारी, जमीन आणि उपसा होणारी जमीन एकाच ग्रामसभेच्या हाताखाली आल्याने ठराव पाळता आला. एखादे गाव पाणलोटाच्या तळाशी, जाड काळ्या मातीवर बसले असेल तर त्याचे भरण वरच्या दोन गावांच्या डोंगरांवर अवलंबून. तिथे एकट्या ग्रामसभेचा ठराव पुरत नाही. जळगावच्या तापीकाठच्या गाळाच्या पट्ट्यात तर साठ्याचे गणितच निराळे, तिथे २ टक्क्यांचा हिशेब लावून चालणार नाही. त्या पट्ट्यातही केळीसाठीच्या उपशाने पातळी खोल गेली, पण त्याची कहाणी वेगळी लिहावी लागेल.

खालच्या अंगाच्या गावांचा प्रश्नही सोडून देता येत नाही. हिवरे बाजारने अडवलेले आणि जिरवून वापरलेले पाणी आधी ओढ्याने पुढे जात होते. पावसाळी पूर कमी झाला आणि हिवाळ्यातला झिरपा टिकला तर खालच्यांचा फायदा, सगळेच उपसून वापरले तर तोटा. या दोहोंचा हिशेब संपूर्ण पाणलोटाच्या पातळीवरच लागू शकतो.

कायद्याने तशी वाट काढली आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा २०१४ पासून लागू झाला. शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरहून खोल विहीर घेण्यास त्यात मनाई आहे. अधिसूचित पाणलोटांसाठी समित्या आणि पाण्यावर आधारित पीक नियोजन यांचीही तरतूद आहे. हिवरे बाजारने ठरावाने केले तेच कायद्याने पाणलोटभर करायचे, असा त्याचा अर्थ. पण ६० मीटर हा आकडा सगळ्या राज्याला एकच आहे, आणि खडक मात्र गावागणिक बदलतो. एखाद्या शिवारात वरचा थर २५ मीटरवरच संपतो. तिथे ६० मीटरची सवलत कठीण पाषाण फोडून खालच्या थरात शिरायला पुरेशी आहे. अशा गावात बोअर किती खोल असावा हे ठरवण्याआधी आपल्याच विहिरींच्या कडा नीट पाहिल्या पाहिजेत: मुरूम किती, मांजऱ्या कुठून कुठपर्यंत, काळा पाषाण कितीवर लागला, उपळ कोणत्या बाजूने येतो. गावातल्या पंधरा-वीस विहिरींची अशी नोंद काढायला फार दिवस लागत नाहीत, आणि विहीर खोदणाऱ्या जुन्या माणसांना यातले बरेचसे तोंडपाठ असते. ऑक्टोबरात आणि मेमध्ये त्याच विहिरींची पातळी मोजून ठेवली की दोन-तीन वर्षांत गावाला स्वतःचा आकडा मिळतो.